मशीन कपडे पिळत नसेल तर बोर्ड बदलण्याआधी काय तपासाल

प्रश्न थोडक्यात असा. वरून झाकण उघडणारं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन, सहा वर्षं वापरातलं. धुतं नीट, पाणीही सोडतं. पिळायची वेळ आली की टब चार-दोन गिरक्या घेतो, आतून धडाधड आपटल्याचा आवाज येतो, मशीन थांबतं, पुन्हा पाणी घेतं आणि आठ मिनिटं दाखवणारा आकडा परत चौदावर जातो. दोन-तीनदा असं झालं की बीप वाजवून बंद. कपडे चिंब. रिकामं लावलं तर मात्र व्यवस्थित फिरतं. बघायला आलेल्या माणसाने बोर्ड गेलाय असं सांगितलं. बदलावा का?

नाही बदलायचा. रिकामं मशीन पूर्ण वेगाने फिरतंय, याचा अर्थ मोटर चालू आहे, मोटरची ताकद टबाला जोडणारा क्लच पकड घेतोय, पाणी बाहेर जातंय, झाकण बंद असल्याचं मशीनला कळतंय आणि हे सगळं चालवणारा बोर्डही शुद्धीवर आहे. एका चाचणीत एवढे सगळे भाग निर्दोष सुटले. बेल्ट सैल असता तरी रिकामं फिरलं असतं, पण मग आवाज आपटण्याचा नाही, चिरकण्याचा आला असता. उरतो तो तोल. तुमचं मशीन बिघडून थांबत नाहीये, ते ठरवून थांबतंय. मध्येच पाणी घेतं ते कपडे सैल करून टबात पुन्हा सारखे पसरवायला, आणि आकडा वाढतो तो त्यासाठीच.

पिळण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या मशीनमध्ये हा प्रकार फार मोठा आहे, आणि बोर्ड विनाकारण बदलले जातात तेही याच प्रकारात. पूर्ण वेग देण्याआधी मशीन तीन गोष्टींची खात्री करून घेतं: पाणी गेलंय का, झाकण किंवा दार बंद आहे का, आणि वजन एका बाजूला तर नाही ना. तिन्हींपैकी एकीवर जरी समाधान झालं नाही तरी ते वेग देत नाही. म्हणून कुठलाही स्क्रू उघडण्याआधी टब पूर्ण रिकामा करून फक्त स्पिन लावायचं आणि पहिली दोन-तीन मिनिटं शेजारी उभं राहून ऐकायचं. रिकामं फिरलं तर एक वाट, नाही फिरलं तर दुसरी.

तोलाबद्दल मशीन एवढं हळवं का असतं, हे आकड्यांत बघा. ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर धरली आणि वेग मिनिटाला १२०० फेऱ्यांचा, तर कडेला चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पटीहून अधिक ओढ पडते. म्हणजे अर्धा किलो ओला टॉवेल एकाच बाजूला राहिला तर तो जवळपास दोनशे किलो वजनासारखा टबाला बाहेर खेचतो. टॉप लोडमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये, वेग बहुतेकदा ७०० च्या आसपास असतो, तिथेही ही ओढ सव्वाशे पटीच्या वर जाते. असं मशीन न थांबता फिरत राहिलं तर बेअरिंग, सील आणि पत्रा काहीच टिकणार नाही.

आता तुमच्या मशीनचं. आधी कपडे बघा. एकच जाड वस्तू, म्हणजे पायपुसणं, जीन्सची एकच पॅन्ट, सोलापुरीसारखी जड चादर, अशी एकटी टाकली तर ती एका कडेला जाऊन बसते आणि तोल साधायला समोर काही नसतं. तिच्या सोबत दोन-चार टॉवेल टाका, मशीन शहाण्यासारखं वागेल. उलट टोकाला, टब गच्च भरला तर कपड्यांना सरकायलाच जागा राहत नाही आणि जिथे ढीग जमला तिथेच तो राहतो. लहान मोजे आणि मोठी चादर एकत्र टाकली की चादरीच्या पोटात सगळं गोळा होतं, तेही तसंच. रेनकोट, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, ताडपत्रीसारखं कापड मशीनमध्ये कधीच पिळायला लावू नका. त्याच्या घडीत पाणी अडकून बसतं, वेग चढत असताना ते एकदम सुटतं, आणि मशीनला आवरायला वेळच मिळत नाही. टब उसळून पत्र्यावर आदळण्याइतका हा प्रकार गंभीर असतो.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं असेच कपडे टाकतोय, आताच काय झालं? मग पाय बघा. मशीनच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणजे तिरक्या रेषेत, तळहातांनी आलटून पालटून दाब द्या. जराही डुगडुगलं तर एक पाय हवेत आहे. पाय फिरवून टेकवा आणि त्यावरचा नट मशीनच्या तळाकडे घट्ट आवळा. हा नट आवळायचा लोक हटकून विसरतात, मग थरथरीने पाय पुन्हा आत जातो आणि महिन्याभरात तीच तक्रार. चाकांच्या स्टँडवर ठेवलेल्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्टँड काढा. हलवायला सोपं जावं म्हणून घेतलेली गोष्ट पिळताना मशीनला स्थिर उभंच राहू देत नाही.

पाय ठीक असतील तर माझा संशय रॉडवर आहे. टॉप लोडचा बाहेरचा टब तळावर टेकलेला नसतो. तो चार कोपऱ्यांतून चार सस्पेन्शन रॉडवर टांगलेला असतो. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्यात धक्का जिरतो. पाच-सहा वर्षांत स्प्रिंग बसते, टोपी झिजते किंवा फुटते, आणि टब एका अंगाला झुकतो. मग नेहमीचेच कपडे टाकले तरी टब पत्र्याला थडकतो, आणि तुम्ही लिहिलेला धडाधड आवाज नेमका हाच.

तपासायला अवजार लागत नाही. प्लग काढा, झाकण उघडा, टब पत्र्याच्या मधोमध आहे का ते वरून बघा. चारही बाजूंची फट सारखी हवी. मग टबाची कड धरून तो खाली दाबा आणि सोडा. वर येऊन एखादा हेलकावा खाऊन थांबला तर ठीक. तीन-चारदा वरखाली नाचत राहिला तर रॉड गेले. चारही कोपऱ्यांत वेगवेगळं दाबून बघा, बसलेला कोपरा हाताला लगेच कळतो. बदलताना चारही एकदम बदला, एकच नवा टाकला तर तोच कोपरा वर राहतो. काही मॉडेलमध्ये मोटरकडच्या बाजूचे रॉड जास्त ताकदीचे असतात, म्हणून काढताना कुठला कुठे होता याची खूण करून ठेवा. आणि त्या टोपीत घरातलं तेल किंवा साधं ग्रीस घालू नका. तिथे घसरणं नको असतं, अडणं हवं असतं. तेल घातलेला टब आणखीच नाचतो.

रॉडही ठीक निघाले तर टबाच्या वरच्या काठावरची जाड प्लॅस्टिकची कडी बघा. तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. टब हाताने हलवला की डबडब ऐकू येतं आणि लोक घाबरून विचारतात की आत पाणी कुठून शिरलं. ते कारखान्यातूनच घातलेलं असतं. टब वेगात आला की ते पाणी वजनाच्या विरुद्ध बाजूला सरकून तोल सावरतं. कडीला तडा जाऊन ते गळून गेलं तर रॉड नवे घातले तरी मशीन थरथरतच राहणार. डबडब आवाज पूर्वी होता आणि आता नाही, किंवा कडीवर पांढरे खारट डाग दिसतात, तर कडी बदलायची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. पण 'पिळत नाही' या एका तक्रारीखाली बाकीही बरंच येतं, आणि ज्यांचं मशीन रिकामंही फिरत नाही त्यांना वरच्या मजकुराचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी पुढचं.

पहिलं कारण पाणी. टबात तळाला पाणी दिसत असेल तर स्पिनचा विचार सोडा आणि पाण्याच्या मागे लागा. फ्रंट लोडमध्ये समोर खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाची जाळी. तिच्यात नाणी, केसाच्या पिना, बटणं, ब्राची तार आणि धाग्यांचा गोळा सापडतो. उघडण्याआधी प्लग काढा, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी निवू द्या. शेजारी बारीक नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी काढून घ्या. नाहीतर जाळी सैल करताच सगळं जमिनीवर येतं. जाळी काढल्यावर आत टॉर्च मारून पंपाचं छोटं पातं बोटाने फिरवून बघा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. हा चुंबकाचा गुण आहे, बिघाड नाही. अगदी मोकळं गरगर फिरत असेल तर मात्र पातं दांड्यावरून सुटलेलं आहे. असा पंप आवाज करतो, पाणी ढकलत नाही.

टॉप लोडमधल्या बऱ्याच मॉडेलमध्ये पंपच नसतो, पाणी उताराने जातं. तिथे ड्रेन पाइप जमिनीलगत आणि सरळ पडलेला हवा. मशीन जागचं हलवलं, पाइप मोरीच्या काठावरून किंवा उंबरठ्यावरून नेला, तर पाणी वर चढणार नाही. पंप असलेल्या मशीनचं नेमकं उलट. त्यांचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो. खाली सोडला तर पाणी भरता भरताच वाहून जातं. आपल्या मशीनला नेमकी किती उंची हवी हे पुस्तिकेत दिलेलं असतं. पाइपचं टोक साचलेल्या पाण्यात बुडालेलं नको, आणि मशीन भिंतीला सरकवताना पाइप मागे चेपला तर नाही ना तेही बघा. घर हलवल्यानंतर किंवा साफसफाईनंतर 'अचानक' बंद पडलेल्या मशीनमध्ये मी आधी पाइपच बघतो.

आता थोडं फसवं प्रकरण. टबात पाणी नाही, तरी मशीन स्पिनला जात नाही आणि पाणी जात नसल्याचाच इशारा देतं. इथे दोन गुन्हेगार असतात. एक फेस. हाताने धुण्याची पावडर किंवा सवयीने घातलेली जास्त पावडर फ्रंट लोडमध्ये एवढा फेस करते की पंपाला पाण्याऐवजी फेस मिळतो, आणि तो फेस ढकलू शकत नाही. शिवाय ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामध्ये फेस दाटला की तो ड्रमला धरून ठेवतो. मशीन बिचारं पुन्हा पुन्हा खळबळून काढत बसतं. उपाय साधा: पाणी काढा, थोडा वेळ फेस बसू द्या, पावडर न घालता दोनदा नुसतं रिन्स लावा, आणि पुढच्या वेळी ऑटोमॅटिकची पावडर तीही निम्मी घालून बघा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे पाण्याची पातळी मोजणारी बारीक नळी. टबाच्या तळाजवळच्या एका कप्प्यातून ही नळी वर प्रेशर स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनला पाणी किती ते कळतं. कप्प्यात साबणाचा गाळ साचून तोंड बुजलं तर हवा आत अडकून राहते आणि टब कोरडा असूनही मशीनला भरलेला वाटतो. प्लग काढून नळी स्विचकडून सोडवा, हळूच फुंकर मारा. खाली टबात हवा सहज जायला हवी. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये फुंकल्यावर 'टिक' आणि सोडल्यावर पुन्हा 'टिक' ऐकू येतं, नव्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरमध्ये असा आवाज नसतो. स्विचच्या बाजूने जोरात फुंकू नका, आतला पडदा नाजूक असतो. मेकॅनिक मंडळी या नळीकडे क्वचित बघतात. स्वस्तातली स्वस्त दुरुस्ती आहे, कदाचित म्हणूनच.

दुसरं कारण झाकण. टॉप लोडमध्ये झाकणाखाली स्विच किंवा चुंबक असतो. झाकणाची बिजागरी सैल होऊन ते चार मिलिमीटर जरी सरकलं तरी चुंबक सेन्सरसमोर येत नाही. झाकण दाबून धरल्यावर मशीन फिरतं, सोडल्यावर थांबतं, तर निदान झालंच. काही जण हा स्विच तारेने जोडून कायमचा 'चालू' करून टाकतात. हे करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. फिरत्या टबातल्या कपड्यात बोट अडकलं तर हात पिळवटतो, आणि घरात लहान मूल असेल तर विषयच नको. फ्रंट लोडमध्ये दार लावून मशीन सुरू केल्यावर काही सेकंदांत 'खट्' असा लॉकचा आवाज यायला हवा. तो आला नाही तर ड्रम हलणारच नाही. रबराच्या कडीत अडकलेला कपड्याचा कोपरा किंवा दाराची वाकलेली कडी ही नेहमीची कारणं.

आणि सेटिंग. हसू नका. स्पिनचा वेग शून्यावर ठेवलेला, शेवटचं पाणी धरून ठेवण्याचा पर्याय चालू राहिलेला, टॉप लोडमध्ये कुणीतरी फक्त 'वॉश' निवडून ठेवलेलं, किंवा लोकरीचा प्रोग्रॅम लागलेला, ज्यात पिळणं मुळातच हलकं असतं. मशीनला हात लावण्याआधी हे एकदा बघा.

पाणी गेलं, झाकण बंद, टब रिकामा, तरीही फिरत नाही. आता खरा बिघाड आणि आता कान. मोटर 'घूं' करते पण काहीच हलत नाही. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण टब जागचा हलत नाही. किंवा कसलाच आवाज नाही. या तीन अवस्थांची कारणं वेगळी आहेत, आणि मेकॅनिकला फोनवर यातली कुठली ते सांगितलंत तर तो योग्य भाग घेऊन येईल.

हात घालण्याआधी सावधगिरी. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅपॅसिटर, ज्याला बरेच मेकॅनिक कंडेन्सर म्हणतात, त्यात प्लग काढल्यावरही चार्ज साठलेला असू शकतो. इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावर तर तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो, तो उतरायला काही मिनिटं जावी लागतात. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर बोर्ड आणि कॅपॅसिटर यांच्या वाटेला जाऊ नका. पाइप, जाळी, पाय, बेल्ट, रॉड एवढं कुणीही बघू शकतं.

टॉप लोडमध्ये स्पिनच्या वेळी टब उभा आणि तळातला पंखा, म्हणजे पल्सेटर, एकटाच फिरतोय असं दिसलं तर क्लच लागलेला नाही. धुताना फक्त पंखा फिरतो आणि पिळताना पंखा व टब एकत्र. हा बदल करणारी एक छोटी ड्रेन मोटर तळाशी असते. अनेक मॉडेलमध्ये हीच मोटर एका ओढीत दोन कामं करते: पाणी सोडण्याचा वॉल्व्ह उघडते आणि क्लचचा दांडा खेचून टबाचा ब्रेक सोडवते. म्हणून 'पाणीही जात नाही आणि फिरतही नाही' अशी जोडीने तक्रार असेल तर दोन बिघाड शोधू नका, ही एकच मोटर बघा. तिची ओढ कमी पडली किंवा दोरी सैल झाली तर पाणी हळूहळू जातं, पण दांडा पुरता सरकत नाही, आणि टब ब्रेकवर घासत कण्हत फिरतो. वॉल्व्हमध्ये अडकलेलं बटण किंवा चिंधीसुद्धा हेच करते. ड्रेन मोटर बरोबर खेचते आणि तरीही टब मागे राहतो, तर क्लचची आतली स्प्रिंग झिजली. ती वेगळी बदलत बसण्यापेक्षा पूर्ण क्लच बदलणं मी पसंत करतो, कारण उघडझाप करण्याची मेहनत तेवढीच असते.

बेल्ट सैल झाला की रिकामा टब फिरतो आणि भरलेला अडखळतो. तुमच्या तक्रारीसारखंच वाटतं, पण इथे आपटण्याचा आवाज नसतो. चिरकण्याचा असतो, आणि जळक्या रबराचा वास येतो. बेल्टच्या कडा चकचकीत झाल्या असतील किंवा तडे दिसत असतील तर बदला. पाण्याने किंवा तेलाने निसटत असेल तर आधी ते तेल कुठून येतंय ते शोधा. गिअरबॉक्समधून येत असेल तर नवा बेल्टही तसाच घसरेल.

मोटर नुसती 'घूं' करते तेव्हा इंडक्शन मोटरच्या मशीनमध्ये कॅपॅसिटरवर पहिला संशय. तो फुगलेला, फुटलेला दिसू शकतो किंवा वरून अगदी चांगला असून आतून कमी झालेला असतो. मीटरवर मोजलेला आकडा वर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर तोच मायक्रोफॅरड आणि तेवढाच किंवा जास्त व्होल्टेजचा नवा टाका. जास्त मायक्रोफॅरडचा टाकून मोटरला 'ताकद' देण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. त्यात मोटर तापते आणि जळते.

फ्रंट लोडमध्ये बेल्टवर चालणारी जुन्या पद्धतीची मोटर असेल तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, बघा. हे ब्रश झिजणारच असतात, त्यांचं कामच ते. सुरुवातीला मशीन कधी चालतं, कधी नाही. धुताना फिरतं पण वेग घेताना मान टाकतं, पुढे पूर्ण थांबतं. मोटर बाहेर काढून दोन्ही कार्बन मोजा. नव्याच्या एक तृतीयांश उरले असतील तर बदला, आणि बदलताना दोन्ही. ते ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग काळा, खड्डे पडलेला असेल तर नवे कार्बन फार दिवस टिकणार नाहीत. ड्रम सुरू होताना एकदम भन्नाट वेग घेऊन लगेच थांबत असेल तर मोटरच्या मागचं वेग मोजणारं चुंबक किंवा त्याची वायर सुटलेली असते. वेग कळत नाही, म्हणून मशीन घाबरून थांबतं. इन्व्हर्टरच्या, बिनकार्बनच्या मोटरमध्ये तीन वायरींमधला रेझिस्टन्स दोन-दोन करून मोजतात. तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा आला तर वाइंडिंग ठीक. मग वेग मोजणारा हॉल सेन्सर आणि कनेक्टर बघायचे.

नवंकोरं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी स्पिनला भयानक हादरत असेल किंवा फिरायलाच नकार देत असेल तर मागे बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले लांब बोल्ट तसेच राहिले असतील. ते काढून जपून ठेवायचे, घर बदलताना पुन्हा लागतात.

प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. खरखर ऐकू आली, ड्रमची कड वर उचलल्यावर खेळ जाणवला, मशीनच्या मागे खाली गंजाचे ओघळ दिसले, तर सील गळून पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचलंय. काही मॉडेलमध्ये बाहेरचा टब कारखान्यातच जोडून बंद केलेला असतो, तिथे बेअरिंग एकटं बदलता येत नाही, पूर्ण टब घ्यावा लागतो. तेव्हा मशीनचं वय बघून नव्याचा हिशोब करा. ड्रमच्या मागे तीन हातांचा धातूचा आधार असतो, तो गंजून तडकला असेल तर ड्रम एका बाजूला लटकतो आणि फिरताना घासतो. अशा मशीनला एकही फेरी देऊ नका. वेगात तो हात तुटला तर टब फाडून बाहेर येतो.

दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये मामला बराच साधा आहे. पिळण्याच्या टबाचं, म्हणजे ड्रायरचं, झाकण लावलं की दोन गोष्टी होतात: सुरक्षा स्विच जोडला जातो आणि ब्रेकची तार ब्रेक सोडते. स्विच न लागल्यास मोटर गप्प. ब्रेक न सुटल्यास मोटर घूं करते आणि टब घट्ट. मागचा पत्रा काढला की ब्रेकची पट्टी आणि तिची तार सरळ दिसते, गंज चढला असेल तर साफ करून मोकळी करा. वरची प्लॅस्टिकची जाळी कपड्यांवर न दाबता पिळायला लावलं की एखादा मोजा उडून टबाच्या बाहेर पडतो आणि खाली दांड्याला गुंडाळतो. टब हाताने जड फिरतोय, मागेपुढे अडतोय, तर आधी तो मोजा शोधा.

सेमीतला खरा घातक बिघाड म्हणजे टबाच्या खालचं रबरी सील. ते फाटलं की पाणी दांड्यावरून थेट खालच्या मोटरवर टपकतं. मोटरचं बेअरिंग गंजतं, मग ती अडकते. मोटर बदलून सील तसंच ठेवलं तर नवी मोटरही त्याच वाटेने जाते, म्हणून सील न बदलता मोटर बदलून देणाऱ्याला सरळ प्रश्न विचारा. मोटर फिरते पण टब फिरत नाही, तर मोटर आणि दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा बोल्ट सैल झालेला असतो, तो आवळायला पाच मिनिटं पुरतात.

आता बोर्ड. बोर्ड जातातच. ओल, झुरळं, मुंग्या, व्होल्टेजचे धक्के, रिले जळणं, सगळं होतं. कमी व्होल्टेजवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर चालवलं तर चांगला बोर्डही वेग द्यायला कचरतो, म्हणून मशीन एकदा थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघा. दहा मिनिटं प्लग काढून ठेवल्याने कधीकधी अडकलेला प्रोग्रॅम सुटतो, तेही करून घ्या. पण बोर्ड दोषी ठरवायला पुरावा लागतो: पाणी गेलंय, प्रेशर स्विच बरोबर सांगतोय, झाकण कळतंय, मोटर मीटरवर ठीक आहे, आणि तरी स्पिनच्या वेळी बोर्डाकडून मोटरला सप्लाय निघत नाही. हे मोजून दाखवलं तरच बदला, आणि जुना बोर्ड मागून घ्या.

स्क्रीनवर येणारं अक्षर लिहून ठेवा, ते निम्मं निदान असतं. एलजीच्या मशीनवर 'ओई' म्हणजे पाणी जात नाही, 'युई' म्हणजे तोल गेला, 'डीई' म्हणजे दार, 'एलई' म्हणजे मोटर अडकली. बाकी कंपन्यांची अक्षरं वेगळी असतात, पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत तक्ता असतो. तुमच्या मशीनने बीप देताना काय दाखवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तोलाचंच अक्षर असेल तर रॉडच्या सेटसाठी मशीनचा मॉडेल नंबर घेऊन ठेवा, तो झाकणाच्या आत किंवा मागच्या पत्र्यावरच्या स्टिकरवर मिळतो. रॉड बदलल्यावर चाचणी रिकाम्या टबावर घेऊ नका, रिकामं तर तुमचं आधीही फिरत होतं. चार ओले टॉवेल मुद्दाम एकाच बाजूला ठेवून स्पिन लावा. मशीनने एकदा पाणी घेऊन ते पसरवले आणि मग पूर्ण वेग पकडला, तर काम झालं.